मास्क आधी माझ्या हातात दिला

‘मास्क लागला म्हणजे माणूस गेला’, हे वाक्य तुम्ही स्वतः किती वेळा बोललात, खरं सांगाल?

मी विचारते आहे, कारण माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहून माझ्याच माणसांनी ते म्हटलं आणि मी ते ऐकलं. मास्क माझ्या नाकातोंडावर होता. कानांवर नव्हता.

आता मी बरी आहे. चढ चढताना थांबते, धुराच्या वाटेला जात नाही, पण बरी आहे. हे मी सहानुभूतीसाठी लिहीत नाही. उद्या तुमच्या घरातलं कुणी त्या मशीनला जोडलेलं असेल आणि तुम्ही खाटेपाशी उभे असाल. त्या वेळी तुमचे हात काय करतात, यावर बरंच काही ठरतं. माझ्या बाबतीत ठरलं.

ताप आणि राब

आमची वाडी मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यापासून आत. बाबा एका संघटनेचं काम करतात. रेशनच्या तांदळापासून वनजमिनीच्या दाव्यांपर्यंत सगळ्याची पत्रकं आमच्या घरातून निघाली. घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. ‘जाब विचारा’ हे दोन शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी वाचता येत होते. पुढे पत्रकं मीच लिहायला लागले, सभेत बोलायला लागले. माझ्यापाशी आवाज आहे, तेवढं मला पुरे वाटायचं.

दमा लहानपणापासून होता. थंडीत वर यायचा, पंप ओढला की बसायचा. यंदा उन्हाळ्यात ताप आला आणि छातीत कफ भरला. त्याच दिवसांत आमच्याकडे राब भाजायचं काम असतं. ज्या वाफ्यात भाताचं रोप टाकायचं, त्यावर शेण, पाला आणि वाळलेल्या फांद्या पसरून त्या पेटवतात. सगळं शिवार त्या धुरानं भरतं. मी वाफ्यावर गेले नव्हते. पण धूर काही बांध बघून थांबत नाही. दोन दिवस घरात बसून मी तो गिळला, आणि तिसऱ्या सकाळी मला एक वाक्य पुरं बोलता येईना. ‘आई’ म्हणायचं, थांबायचं. ‘पाणी’ म्हणायचं, थांबायचं.

टोकावड्याच्या डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. त्यावरचा आकडा पाहिला आणि माझ्याशी न बोलता बाबांकडे वळून विचारलं, “गाडी आहे का?”

निदान म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पुढे न्यूमोनिया, श्वास कमी पडणं वगैरे नावं ऐकली. पण माझं निदान त्या तीन शब्दांत झालं होतं.

मुरबाडला तपासून ऑक्सिजन लावला. श्वासाच्या मशीनची रिकामी खाट शहापूरकडच्या एका हॉस्पिटलात मिळाली. त्याचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचं आहे ते त्या एका इमारतीबद्दल नाही. सरळगाववरून किन्हवलीमार्गे अँब्युलन्स निघाली. आई आजोबांना सोडून येऊ शकत नव्हती, ते अंथरुणावरून उठत नाहीत. बाबा पुढे बसले. मागे माझ्यापाशी बायजाआत्या बसली, बाबांची थोरली बहीण. रस्ताभर ती माझा पाय धरून होती आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरला शिव्या घालत होती.

“हलू चालव रे मुडद्या! पोर हाय आत, भाताची गोन नाय!”

मला हसू आलं. हसायला हवा पुरली नाही.

संध्याकाळपर्यंत

शहापूरच्या डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी मनगटातून रक्त काढलं, तपासून आणलं, आणि बाबांना माझ्यासमोरच सांगितलं. माझी छाती दमली आहे. आत खराब हवा साठते आहे आणि ती बाहेर टाकायची ताकद मला राहिलेली नाही. बायपॅप नावाचं मशीन मास्कमधून हवेचा दाब देईल आणि माझ्या श्वासाला हात देईल. हा मास्क मला सहन झाला, तर गाडी रुळावर येईल. सहन झाला नाही, तर घशात नळी घालून ठाण्याला पाठवावं लागेल.

“संध्याकाळी रक्त परत तपासू,” त्या म्हणाल्या. “तोवर मास्क टिकला पाहिजे.”

म्हणजे परीक्षा संध्याकाळपर्यंत होती.

पहिल्या खेपेला मी नापास झाले. मास्क तोंडावर आला, मागून पट्टे आवळले गेले आणि आतून वारा सुटला. उघड्या जीपमधून तोंड बाहेर काढल्यासारखा. आधीच श्वास मिळत नाही, त्यात तोंड बांधलेलं. कुणीतरी उशी दाबून धरली आहे असंच वाटलं. मी दोन्ही हातांनी तो ओरबाडून काढला. आत्या किंचाळली. बोटाच्या चिमट्यावरचा आकडा खाली घसरला आणि मशीन ओरडायला लागलं.

त्या आवाजावर सुनंदा सिस्टर आल्या. चाळिशीच्या आतल्या, उंच, केस घट्ट बांधलेले. मागाहून कळलं की शेणव्याच्या आहेत. त्यांनी आधी मशीनचा आवाज बंद केला. मग नेहमीचा ऑक्सिजन लावला आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. माझ्याच उंचीवर. हॉस्पिटलात आल्यापासून सगळेजण माझ्याशी वरून बोलत होते. या पहिल्या समोर बसल्या.

“घाबरलीस?”

मी मान हलवली.

“सगळेच घाबरतात. परवा पोलिसातला मानूस होता, एवढ्या मिश्या. त्यानं तर माझा हात चावला.”

मास्क माझ्या हातात

त्यांनी मास्क उचलला, पट्टे मागे टाकले आणि तो माझ्या हातात दिला.

“बांधणार नाय मी. तूच धर. तुझ्या हातानं तोंडावर ठेव, तुझ्या हातानं काढ. वारा सोसतो का बघ. घाई नाय.”

मी तो जवळ नेला, वारा लागताच दूर केला. पुन्हा नेला. त्या माझ्या कोपराखाली हात ठेवून तोलत राहिल्या. चार-दोन वेळा असं झाल्यावर मला एक गोष्ट समजली. वारा तोच होता, दाबही तोच होता. पण उशी दाबणारं माणूस आता खोलीत नव्हतं. हात माझा होता.

तरी जमेना. मी श्वास घ्यायला जायचे तेव्हा मशीन थांबायचं, मी सोडायला लागले की ते आत ढकलायचं. दोघांची टक्कर व्हायची.

“आईसोबत कांडलंयस कधी?” सिस्टरांनी विचारलं. “तिखट म्हन, हळद म्हन. एकाच उखळात दोघी?”

मी मान हलवली. दरवर्षी कांडतो.

“तिचं मुसळ वर जातं तेवा तुझं खाली येतं. मधेच घातलंस तर काय होतं?”

मी दोन मुठी एकमेकींवर आपटून दाखवल्या.

“मग? हे मशीन म्हंजे समोरची बाई हाय, असं समज. आधी बघ तिचा हात कसा पडतोय. ती ढकलंल तेवा तू ओढ. मग सोड सावकाश, दिवा इझवल्यासारखी. भांडू नको तिच्याशी. भांडायला तुजी छाती रिकामी नाय आता.”

त्या माझ्यासमोर स्वतः श्वास घेऊन दाखवत बसल्या. ओढ. सोड. ओढ. सोड. मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होते. कधीतरी टक्कर कमी झाली. पुरती गेली नाही. पण उखळात दोघी जमायला लागल्या.

मग पट्टे बांधायची वेळ आली, कारण माझा हात भरून आला होता. तेव्हा त्यांनी आणखी एक गोष्ट केली. पट्ट्यांखाली केस ओढले जाऊ नयेत म्हणून माझा अंबाडा सोडला आणि दोन वेण्या घातल्या. नाकाच्या दांडीवर मऊ पट्टीचा तुकडा लावला. आणि म्हणाल्या, “आता करार करू. तुला बोलता येणार नाय. हातानं सांगायचं. मूठ म्हंजे चालू दे, मी हाय. करंगळी म्हंजे खोकला आलाय, थुंकायचंय. पंजा उघडलास की मी मास्क काढनार. ताबडतोब. का, कशाला, काय पन इचारनार नाय.”

मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

“खोटं वाटतंय? दाखव पंजा.”

त्यांनी खरोखर पट्टे बांधले, वारा सुरू केला. मी दोन-तीन श्वास घेतले आणि पंजा उघडला. मला खोकला नव्हता, फार गुदमरतही नव्हतं. मला फक्त बघायचं होतं. त्यांनी पट्टा सोडला, मास्क उचलला. विचारलं नाही.

“झाली परीक्षा माझी?” त्या म्हणाल्या. “चल, आता तुझी.”

आयुष्यभर मी सरकारला लिहीत आले की आम्हाला विचारल्याशिवाय आमच्याबद्दल ठरवू नका. त्या मागणीला असं रोकडं उत्तर मला आजवर कुठल्या कचेरीत मिळालं नव्हतं. ते मिळालं तेव्हा मला बोलता येत नव्हतं. मी मूठ दाखवली.

चमचाभर पाणी

दुपार झाली. एका माणसाला आत सोडत. बाबा बाहेर गेले, आत्या आली.

आत्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही तिच्यावर उगाच रागवाल. करोनाच्या वर्षी तिचे यजमान गेले. त्यांनाही असाच मास्क लावला होता. तिला आत जाऊ दिलं नाही. त्या दिवसांत कुणालाच जाऊ देत नव्हते. बाहेरच्या फरशीवर ती बसून राहिली आणि शेवटी तिला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक गाठोडं लांबून दाखवलं. आमच्याकडे जाणाऱ्या माणसाच्या तोंडात घरचं माणूस पाणी घालतं. ते तिच्या हातून राहिलं. त्यानंतर तिनं देवाला कधी दोष दिला नाही. पण दर अमावस्येला ती उंबऱ्याबाहेर तांब्या ठेवते आणि म्हणते, “कोरडाच गेला माजा मानूस.”

तीच बाई आता माझ्यासमोर बसली होती. मास्कखाली माझे ओठ फुटले होते, जीभ टाळूला चिकटली होती. तिला ते दिसत होतं. सिस्टर पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना कूस बदलून देत होत्या, पाठ आमच्याकडे होती.

आत्यानं पदराखालून बाटली काढली. चमचा काढला. मला समजलं आणि मी मान हलवली. नको, नको. तिला वाटलं, मी तडफडते आहे.

“थोडासाच, बाय. एक घोट. तुज्या आत्याच्या हातानं.”

तिनं मास्कची कड उचलली आणि चमचा आत सारला.

मशीनला पाणी कळत नाही. त्याला फक्त ढकलायचं माहीत. त्यानं वाऱ्याबरोबर ते पाणीही आत ढकललं. ते कुठे गेलं हे मी सांगू शकत नाही, पण जिथे जायला नको तिथेच गेलं. छातीत कुणी मूठभर खिळे फेकल्यासारखं झालं. खोकला आला, पण बाहेर पडायला वाट नव्हती. मी पंजा उघडला. बघणारं कुणी नव्हतं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. हाताकडे बघायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मशीन ओरडलं. सिस्टर धावत आल्या. एका झटक्यात मास्क काढला, मला पुढे वाकवलं, पाठीवर थाप दिली, नळीनं तोंडातलं पाणी आणि कफ ओढून काढला. मी खोकत होते आणि डोळ्यांसमोर पांढरं होत होतं. आत्या भिंतीला चिकटून उभी होती. “मारली मी हिला, मारली मी हिला,” असं एकसारखं म्हणत होती.

सिस्टर तिच्यावर ओरडल्या नाहीत. “मावशी, बाजूला व्हा,” एवढंच म्हणाल्या. आणि इतक्या घाईतही मास्क परत लावायच्या वेळी त्यांनी माझा हात त्यावर ठेवला, त्यावर स्वतःचा ठेवला, आणि दोघींच्या हातांनी तो माझ्या तोंडावर आणला.

घरी नेतो

डॉक्टर आल्या. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. म्हणाल्या, अर्धा तास बघू, सुधारलं नाही तर संध्याकाळची वाट बघणार नाही, नळी घालावी लागेल. आणि दुसऱ्या पेशंटकडे बोलावणं आलं म्हणून गेल्या.

बाबा आत आले होते. खाटेच्या पायथ्याशी ते आणि आत्या उभे राहिले. खाली गावाहून आलेली जीप थांबली होती, माझ्या तब्येतीची बातमी घेऊन जायला.

“इसू,” आत्या म्हणाली. बाबांचं नाव विश्वनाथ, ती त्यांना लहानपणापासून इसू म्हणते. “मास्क लागला म्हंजे मानूस गेला. नळीनंतर तर काय उरत पन नाय. घरी घेऊन चल पोरीला. घरी तरी आईच्या मांडीवर ऱ्हाईल. घोटभर पानी तरी मिलंल.”

मला वाटलं, आता बाबा तिला समजावतील. भगताकडे जाणाऱ्यांना रस्त्यात अडवून दवाखान्यात पाठवणारा माणूस तो. पण बाबांनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि सिस्टरना म्हणाले, “सिस्टर, खाली गाडी हाय. आमी घरी नेतो तिला. सही कुठं करायची सांगा.”

त्या वाक्याची भीती मला मशीनपेक्षा जास्त वाटली. इथून घरापर्यंत मास्कशिवाय मी पोचणार नव्हते, हे मला माझ्या छातीवरून कळत होतं. आणि ते ज्या आवाजात सांगायचं, तो आवाज प्लास्टिकच्या आत वाऱ्यात अडकला होता. मी खाटेच्या दांडीवर हात आपटला. एकदा. दोनदा.

सिस्टर म्हणाल्या, “बाबा, तिला काहीतरी सांगायचंय.”

“काय सांगनार ती? शुद्ध कुठं हाय तिला?”

“हाय. पुरी हाय. तुमी बोललेलं सगळं ऐकलंय तिनं.” मग त्यांनी दोघांना माझा करार सांगितला. मूठ म्हणजे काय, करंगळी म्हणजे काय, पंजा म्हणजे काय. माझ्याकडे वळल्या. “ऐक गो. नीट ऐक. घरी जायचं तर पंजा. मी मास्क काढीन, डॉक्टरला बोलवीन, तुला अडवनार नाय. थांबायचं तर मूठ. तुजं तू सांग.”

इथे मी खोटं लिहिणार नाही. मी शूर वगैरे नव्हते. मला पंजा उघडायचा होता. माझ्या अंगातल्या प्रत्येक तुकड्याला तो मास्क तोंडावरून दूर हवा होता. डोळ्यांपुढे घरची सारवलेली जमीन आली, गार, गालाला लागणारी. आई आली. बोटं आपोआप सुटायला लागली होती, पंजा उघडायला काही ताकद लागत नाही. मूठ वळायला लागते.

मी सिस्टरांच्या खांद्यांकडे बघितलं. त्या मघासारख्याच श्वास घेत होत्या. ओढ. सोड.

मी मूठ वळली. पुरेशी दिसली नाही असं वाटलं म्हणून वर उचलली. तरी बाबा हलेनात, म्हणून ती दांडीवर आपटली, आणि आपटतच राहिले, जोवर त्यांनी येऊन ती आपल्या दोन्ही हातांत धरली नाही.

“बरं,” बाबा म्हणाले. “बरं. थांबू.” आणि मग, रडता रडता, “एवढ्या सभा केल्यास, पन घोषणेबिगर मूठ पयल्यांदाच बघितली तुजी.”

ओढ, सोड

पुढचा अर्धा तास आम्ही तिघांनी काढला. सिस्टर वॉर्डभर फिरत होत्या, पण जाता-येता माझ्या हाताकडे बघत. बाबा स्टुलावर बसून माझ्याबरोबर श्वास घेत होते. त्यांची लय सारखी चुकायची. चुकली की सिस्टर लांबून म्हणायच्या, “बाबा, तुमी घाई करताय, पोर बरोबर करतेय.” दोनदा मी करंगळी दाखवली, दोन्ही वेळा कुणीतरी ती पाहिली. एकदा पंजा उघडला. मास्क काढल्यावर तो परत लावायचं धाडस माझ्यात उरेल का, ही भीती होती. मास्क निघाला, मी चार श्वास मोकळे घेतले, आणि तो परत घेण्यासाठी मीच हात पुढे केला.

डॉक्टर आल्या तेव्हा म्हणाल्या, “बघू संध्याकाळपर्यंत.”

संध्याकाळी रक्त तपासलं. कागद वाचताना डॉक्टरांचा चेहरा मी निरखत होते. त्या हसल्या नाहीत. “थोडं सुधारलंय,” म्हणाल्या. “नळी नको. मास्कच चालू ठेवू.” आत्या बाहेरच्या बाकावर होती. बाबांनी जाऊन सांगितलं. ती आत आली नाही. तिला माझ्याजवळ यायची भीती वाटत होती.

आत्याचे हात

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मास्क थोडा वेळ काढायला परवानगी दिली. सिस्टरांनी मला ताठ बसवलं, मागे उशा लावल्या, मी शुद्धीवर आणि जागी आहे, गिळता येतंय, हे तपासलं. मग बाहेर जाऊन आत्याला हाताला धरून आणलं.

“मावशी, पाणी द्यायचंय ना तुमाला? हे घ्या.” तिच्या हातात भिजवलेला कापसाचा बोळा दिला. “आधी ओठ. मग जिभेवर फिरवा. ती गिळंल, मग चमचा. अर्धा. आणि मास्क तोंडावर असताना कधीच नाय. तिनं सांगितलं तरी नाय, मला हाक मारायची.”

पहिला थेंब माझ्या हनुवटीवर पडला. दुसरा ओठांवर. मी अर्धा चमचा पाणी गिळलं. एवढं गोड पाणी मी त्याआधी कधी प्यायले नव्हते. आत्यानं बोळा वाटीत ठेवला आणि खाटेच्या दांडीला डोकं टेकून रडत बसून राहिली. ते रडणं माझ्यासाठी नव्हतं, एवढं मला कळत होतं.

त्यानंतर दर वेळी मास्क निघाला की पहिलं पाणी तिचं. पुढे सिस्टरांनी तिला माझ्या पाठीवर थापटायलाही शिकवलं, कफ सुटावा म्हणून.

“भाकरी थापताय का मावशी? हात सपाट नको. पानी प्यायला ओंजळ करतो तसा करा.”

“तुमच्या शेनव्याला वोंजलीनं मारत असतील मानसांना. आमी सपाटच मारतो,” आत्या म्हणाली, आणि हात मात्र ओंजळीसारखा केला.

हळूहळू मास्कचा वेळ कमी झाला. आधी जेवणापुरता सुटला, मग सकाळचा, मग दिवसभर. एका सकाळी मशीन दुसऱ्या खाटेकडे नेलं. तिकडे एक बाई मास्क दोन्ही हातांनी ढकलत होती. सिस्टर तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. पुढचं मला पाठ होतं.

देवदूत म्हणू नका

गावी परतल्यावर लोक म्हणाले, “तुला देवदूतच भेटली गो.” मी त्यांच्याशी भांडले. त्यांना वाटलं, आजारातून उठल्यावर पोरीचं डोकं जरा गरम आहे.

देवदूताला जेवायची सुट्टी लागत नाही. जोडीला दुसरा देवदूत लागत नाही. सिस्टरला दोन्ही लागतात. माझ्यासमोर त्या स्टूल टाकून बसल्या, तेवढा वेळ वॉर्डातल्या दुसऱ्या कुणाचा तरी होता. पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांना कूस बदलून देत होत्या, म्हणून माझा पंजा त्यांना दिसला नाही. यात त्यांची चूक कुठे आहे? दोन ठिकाणी दोन माणसांची गरज असताना एकीला उभं करायचं, आणि ती दोन्हीकडे पोचली की तिला हार घालायचा, हा आदर नाही. ही फुकट राबवण्याची सभ्य पद्धत आहे. आमच्या भागात सिस्टरांच्या जागा भरा, त्यांना बसायला वेळ मिळेल एवढ्या भरा, हे मी पत्रकात लिहिणार आहे आणि ग्रामसभेत उभी राहून बोलणार आहे. माझा आवाज परत आला आहे, तो कामाला लावते.

पण जागा भरेपर्यंत माणसं आजारी पडायची थांबणार नाहीत. तोवरचं काम आपलं आहे. मास्क लावलेला माणूस एकटा बरा होत नाही, आणि सिस्टर त्याला एकटी बरं करत नाही. दोघं मिळून ते करतात, लय जुळवून, खुणा ठरवून, शब्द पाळून. त्या दोघांच्या कामात तिसरं माणूस शिरतं ते आपण, भेटायला आलेले. प्रेमानं भरलेले आणि काहीच न विचारणारे. आत्याचं प्रेम कमी नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे तिला माहीत नव्हतं.

म्हणून एक मागणं आहे, आणि ते मी तुमच्याकडून करून घेणार आहे. पुढच्या वेळी श्वासाच्या मशीनवरच्या माणसाला भेटायला जाल, तेव्हा शहाळं आणि बिस्किटं राहू द्या. आत शिरल्यावर आधी सिस्टरला विचारा: “यांची खूण काय ठरली आहे? आणि मी काय करू, काय नको?” खूण ठरलेली नसेल तर तिघांनी मिळून तिथेच ठरवा. मग स्टूल ओढून समोर बसा, मास्कला हात लावू नका, आणि त्या माणसाच्या हाताकडे बघत राहा.